संत्री खाल्ली त्याचं सोडा, बागेत टांगलेलं काय प्यायला ते सांगा

गोठा आणि अंगण : वाचकांचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टरांची उत्तरं

यावेळी गाई-म्हशींचे प्रश्न बाजूला ठेवलेत, कारण टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळी कुत्रीच कुत्री आलीत. कोणीतरी गावागावातल्या ग्रुपवर "ही फळं कुत्र्याला विष आहेत" असा एक फोटो फिरवलाय, त्यात अव्होकाडोपासून मॅकाडेमियापर्यंत सगळं आहे, आणि आपल्या बांधावर, गोठ्यात, चुलीजवळ जे असतं त्यातलं जवळपास काहीच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : डॉक्टर साहेब, आमची संत्र्याची बाग हाय, आंबिया बहार. कुत्रा राखणीले बागेतच राह्यते, खाली पडलेली संत्री सालीसकट फोडून खाते. मोबाईलवर वाचलं का संत्रा-मोसंबी कुत्र्याले विषारी असते. मागं एक दिवस त्याच्या तोंडातून लय लाळ गळून राह्यली होती, अंग थरथरत होतं, दोनदा हगला, संध्याकाळपर्यंत सुधारला. हे संत्र्यानंच झालं का? — वरूड तालुका

उत्तर : भाऊ, संत्र्याचा गर विषारी नाही. दोन-चार फोडी खाल्ल्या तर काही होत नाही, जास्त खाल्ल्या तर आंबटपणानं आणि साखरेनं पोट बिघडतं, पातळ होते. सालीत तेल असतं, त्यानं उलटी होऊ शकते, आणि मोठा सालीचा गोळा गिळला तर लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकूही शकतो. पण लाळ, थरथर आणि हगवण हे तिन्ही एकदम, आणि तेही बागेत राहणाऱ्या कुत्र्याला, हे ऐकलं की माझं डोकं संत्र्याकडे जात नाही, फवारणीकडे जातं.

एक सांगा, तुमच्याकडे रस शोषणाऱ्या पतंगासाठी आमिष लावता का? फळ रंगायला लागलं की रात्री तो पतंग येतो, सोंड खुपसतो आणि फळ गळतं, म्हणून गूळ, फळाचा रस आणि मॅलाथिऑन पाण्यात कालवून रुंद तोंडाच्या भांड्यात झाडाला टांगतात. उपाय चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते भांडं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असेल किंवा वाऱ्यानं सांडलं असेल, तर कुत्र्याच्या दृष्टीनं ते गूळपाणीच आहे. गोड लागतं आणि तो चाटतो. मॅलाथिऑन हे ऑर्गनोफॉस्फेट गटातलं औषध, त्यानं नसांचा सिग्नल बंदच होत नाही, सारखा चालू राहतो, म्हणून लाळ गळते, डोळ्यातून पाणी येतं, मुतणं-हगणं आवरत नाही, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, आणि विष जास्त गेलं असेल तर छातीत पाणी भरल्यासारखा श्वास लागून जनावर जातं. तुमचा कुत्रा संध्याकाळपर्यंत सुधारला म्हणजे विष थोडंच गेलं असावं. पुढच्या वेळी तेवढंच जाईल याची खात्री नाही.

यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन आहे, वेळेवर मिळालं तर कुत्रा वाचतो, पण ते डॉक्टरनंच द्यायचं, बाहुल्या आणि ठोके बघत बघत द्यावं लागतं. तुम्ही घरी एवढं करा : अंगावर फवाऱ्याचं औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं धुवा, आणि कोणतं औषध होतं ती बाटली सोबत आणा. आमिषाची भांडी माणसाच्या डोक्याच्या वर बांधा, पडलेली फळं गोळा करून खड्ड्यात गाडा (तसंही पतंगासाठी गाडायलाच सांगतात), पंप धुतलेलं पाणी धुऱ्यावर साचू देऊ नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीनं माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तसल्याच औषधांजवळ कुत्रं जमिनीलगत हुंगत फिरतं.

आणि एक, हे फार महत्त्वाचं. गावात कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळताना दिसली तर आधी पिसाळल्याचा विचार मनात ठेवायचा. लस दिलेली नसेल, आवाज बदलला असेल, पाणी गिळता येत नसेल, उगाच चावायला येत असेल, तर "घशात काही अडकलं का पाहू" म्हणून हात घालायचा नाही. डॉक्टरला बोलवा, तोवर बांधून ठेवा आणि पोरांना लांब ठेवा.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, त्या दिवशी पत्रावळीवरचं उरलेलं कुत्र्याला टाकतो, वर्षानुवर्षं टाकतोय. यंदा पुण्याहून आलेली भाची म्हणाली की मनुका कुत्र्याला चालत नाही, किडनी जाते. सासूबाई म्हणतात, आमच्या कुत्र्यांनी आयुष्यभर खाल्लं, काही झालं नाही. दोघींपैकी कोणाचं खरं? — आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, भाचीचं खरं आहे, आणि सासूबाई पण खोटं बोलत नाहीयेत, तीच तर यातली गंमत आहे.

द्राक्षं, बेदाणे, मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे साधारण २००० सालाच्या आसपास अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. पण कोडं असं होतं की एक कुत्रं मूठभर खाऊन मस्त फिरतंय आणि दुसरं चार दाण्यांत आडवं होतंय. वीस वर्षं कारणच सापडेना, कोणी म्हणे बुरशी, कोणी म्हणे कीटकनाशक. मग २०२१ मध्ये तिथल्या प्राणी विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी मांडलं की दोष टार्टारिक ॲसिडचा असावा. बेकिंगमध्ये वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर खाऊन कुत्र्यांना अगदी द्राक्षासारखाच त्रास झाला, त्यावरून धागा मिळाला. आता हे ॲसिड द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं, म्हणून एका वेळी काही नाही आणि एका वेळी सगळंच. सासूबाईंच्या कुत्र्यांचं असं झालं असेल. किंवा असंही असेल की गावातलं मोकळं कुत्रं सणानंतर चार दिवसांनी कुठे जाऊन मेलं हे कोणी पाहिलंच नाही.

आता आपल्यासाठी खरी गोष्ट. टार्टारिक ॲसिड भरपूर असलेलं दुसरं फळ कोणतं? चिंच. चिंच खाऊनही कुत्र्यांना तसाच किडनीचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आणि महालक्ष्म्यांच्या ताटात पंचामृत असतं, ज्यात चिंचेचा कोळ, गूळ, तीळ, खोबरं, मिरच्या आणि वरून मनुका! म्हणजे दोन्ही एका वाटीत. गोड-आंबट-खमंग असल्यानं कुत्रं वाटी चाटून पुसून साफ करतं. शिजवल्यानं हे ॲसिड जात नाही, मनुका खिरीतला असो की शिऱ्यातला, धोका तोच, उलट मनुका वाळलेला म्हणून त्यात सगळं दाट होऊन बसलेलं असतं.

किती खाल्लं तर चालतं? असा आकडा नाही, कोणीच देत नाही, म्हणून शून्य धरा. खाल्लंच तर पहिल्या दिवसातच उलट्या सुरू होतात, मग सुस्ती, खाणं बंद, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत होत थांबते. लघवी थांबल्यावर आणलेला कुत्रा वाचवणं फार अवघड जातं. खाल्ल्या खाल्ल्या दोनेक तासांत आणला तर उलटी करवून पोट रिकामं करता येतं, नंतर दोन-तीन दिवस सलाईन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते यावरून कळतं) तपासत राहायचं. म्हणजे पंचामृत सोडून बाकीच्या जेवणातलं साधं वरण-भात, पोळी, कढीतला भात हे काढून द्या, पत्रावळीच उकिरड्यावर भिरकावू नका. पुरणपोळी एखादा तुकडा ठीक. वडे-भजी कांद्याची नसली तरी तेलकट आहेत, जास्त नको, स्वादुपिंडाला सूज येते.

प्रश्न : सर मग कोणती फळं द्यायची ते सरळ सांगा ना, माझ्याकडे गावठी पिल्लू आहे चार महिन्यांचं. — ब्रह्मपुरी

उत्तर : सरळ सांगतो. केळं, पेरू, पपई, टरबूज, डांगर, सफरचंद, चिकू, आंब्याचा गर हे सगळं चालतं, बिया आणि साली काढून, आणि रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. फळ हे कुत्र्याचं जेवण नाही, खाऊ आहे. सफरचंदाच्या बिया चावल्या की त्यातून थोडं सायनाइड तयार होतं, एखाद-दुसऱ्या बीनं काही होत नाही पण द्यायच्या कशाला.

तुमच्या पिल्लाला खरा धोका आहे तो कोयीचा. अक्षय तृतीयेपासून घरोघरी रसाचा कार्यक्रम, आणि चोखलेल्या कोयी अंगणात. कुत्रं ती चघळतं, आणि मोठं कुत्रं असेल तर अख्खी गिळतं. कोय पोटात पचत नाही, विरघळत नाही, कधी ती दिवसेंदिवस पोटातच पडून राहते आणि मग एक दिवस सरकून आतड्यात जाऊन अडकते, त्यामुळे मालकाला कोयीची आठवणसुद्धा नसते. सारखी उलटी, पाणी पण ठरत नाही, शी बंद, पोट दाबलं की कण्हतं, असं असेल तर जुलाबाचं औषध पाजू नका, एक्सरे-सोनोग्राफी करा, बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं. बोराच्या, जांभळाच्या बिया लहान, त्या मोठ्या कुत्र्यात निघून जातात, पण पिल्लाला नकोच. सीताफळाचा गर देता येतो, बिया नाही. त्या बियांची पूड आपल्याकडे उवांना लावायची पद्धत होती, त्यावरूनच समजा. अख्खी बी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, चावली तर त्रास देते.

प्रश्न : गाईच्या टोपल्यातली सरकीची ढेप कुत्रं रोज खाते, हाकललं तरी येते. अंगावर चांगलं तेज आलंय म्हणून आम्ही पण काही म्हणत नाही. — दर्यापूर

उत्तर : म्हणा, काहीतरी म्हणा! सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाई-म्हशीच्या पोटात, कोठ्यात, ते बरंचसं बांधलं जातं म्हणून मोठ्या जनावराला ढेप पचते. कुत्र्याला तसा कोठा नाही. त्याच्या अंगात गॉसिपॉल साचत जातं आणि काळजावर परिणाम होतो. हे एका दिवसात दिसत नाही, काही आठवडे कुत्रं छान दिसतं, मग धाप लागते, पोटात पाणी होतं, आणि काही तर बसल्या जागी जातात, मालक म्हणतो साप चावला असेल. कारखान्यात सरकी गरम होऊन निघते त्यात गॉसिपॉल कमी होतं, नाहीसं होत नाही. एकदा-दोनदा चाटलं तर घाबरायचं कारण नाही, रोजचं बंद करा. टोपलं उंच ठेवा, किंवा कुत्र्याचं पोट आधी भरा, भुकेलं असतं म्हणूनच ते ढेपेत तोंड घालतं.

ढेपेवरून आठवलं, एरंडी पेंड त्याहून वाईट. बागेत, हळदीत, कुंड्यांत सेंद्रिय खत म्हणून टाकतात. वास कुत्र्याला आवडतो, उकरून उकरून खातं. एरंडाच्या बीतलं रायसिन त्या पेंडेत राहू शकतं. खाल्ल्यावर काही तास काहीच नाही, मग उलटी, रक्ताची हगवण, आणि त्यावर उतारा असं औषध नाही, फक्त सलाईन देऊन तगवायचं. सेंद्रिय लिहिलंय म्हणजे निरुपद्रवी असं धरू नका. पेंड टाकली की मातीत चांगली मिसळून वरून पाणी द्या आणि पोतं कुलपात ठेवा.

प्रश्न : आमचा टायगर सावजी रस्सा-पोळीशिवाय जेवतच नाही, तिखट त्याला लागत नाही वाटते. हाडं पण त्यालाच. — उमरेड रोडवरून

उत्तर : तिखट लागतं हो, नंतर लागतं, ते तुम्ही सकाळी पाहिलं नसेल. पण सावजीत माझी काळजी मिरचीची नाहीच, कांदा-लसणाची आहे. कांद्यातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चा असो, तळून वाटलेला असो, पूड असो, काही फरक नाही. १० किलोच्या कुत्र्याला एका वेळी साधारण १५० ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो, आणि रोज थोडा थोडा दिला तरी तो परिणाम साठत जातो. लसूण वजनाला वजन घेतला तर कांद्यापेक्षा जास्तच कडक. लक्षणं लगेच येत नाहीत, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, कुत्रं थकलेलं, लघवी चहासारखी लालसर. तोपर्यंत रस्सा कोणाला आठवतोय.

टायगरचं मटण मसाला घालायच्या आधीच काढून ठेवा, हळदीत शिजवलेलं, मीठ नाही. आणि शिजलेली हाडं बंद, पोळ्याच्या करीला गावात जी पोतंभर हाडं उकिरड्यावर जातात त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे घशात अडकलेली आणि शीला बसून ओरडणारी कुत्री येतात. शिजलेलं हाड चिरफळतं, कोंबडीचं तर जास्तच.

प्रश्न : आमच्या इकडे मोहफुलं वेचायच्या दिवसात कुत्री फुलं खातात आणि लोक हसतात की दारू चढली. खरंच चढते का? — धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : ताज्या फुलांनी नाही चढत, ती नुसती गोड असतात, जास्त खाल्ली तर हगवण. पण ओली फुलं ढिगात आंबली की त्यात दारू तयार होतेच. आणि जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, त्यामुळे सडवा, म्हणजे दारूसाठी आंबत घातलेली मोहफुलं, नाल्याकाठी, झुडपात लपवलेला असतो, म्हणजे माणसांपासून लपवलेला, कुत्र्याच्या नाकापासून नाही. सडवा खाल्लेलं कुत्रं झोकांड्या खातं तेव्हा हसू येतं खरं, पण त्याच्या अंगातली साखर आणि ऊब दोन्ही उतरतात, पोटात फुगारा धरतो, पिल्लू असेल तर बेशुद्धीतच जातं. त्याला गोधडीत गुंडाळा, कुशीवर झोपवा, उलटी घशात जाणार नाही असं बघा. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तरच हिरड्यांना गूळपाणी लावा, बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नका. ताक पाजून दारू उतरते हे माणसातही खरं नाही.

प्रश्न : कुत्र्यानं विषारी खाल्लं की आमच्याकडे मिठाचं पाणी पाजून ओकवतात, नाहीतर गोडेतेल पाजतात. बरोबर आहे का? आणि उंदराच्या औषधाचं काय करायचं? — नेर, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही चूक. मिठाच्या पाण्यानं उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं आणि मेंदूतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे विष राहिलं बाजूला आणि मिठानंच झटके. जबरदस्तीनं तेल, दूध, तूप पाजलं की ते अर्धं श्वासनळीत जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया. घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकची गोळी तर "ताप असेल" म्हणून अजिबात नको, कित्येक वेळा विषापेक्षा गोळीच जास्त नडते.

उंदराचं औषध जास्त करून दोन तऱ्हेचं असतं आणि डॉक्टरला कोणतं ते कळणं फार गरजेचं. काळपट भुकटी, सडक्या लसणासारखा वास, ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो, आणि पोटात अन्न असलं की आम्ल जास्त सुटतं, म्हणून "भाकर खाऊ घाला म्हणजे विष शोषेल" हे उलटं पडतं. ओकलं तर खिडक्या-दारं उघडा, तो वास तुम्ही पण घेऊ नका. दुसरं म्हणजे केकसारखी रंगीत वडी. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, तीन ते पाच दिवस कुत्रं ठणठणीत आणि मग नाकातून, शीतून रक्त. यावर के-१ जीवनसत्त्व हा पक्का उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो, दोन इंजेक्शनांत बरा दिसला म्हणून सोडायचा नाही. थिमेटचे, म्हणजे फोरेट या कीटकनाशकाचे दाणे भज्यात घालून डुकरांना टाकणाऱ्यांना काय सांगायचं, त्याच्यावर २०२० संपता संपता देशभर बंदी आलीय तरी कुठून तरी जुनं डब्बं निघतंच, आणि मरतात ती शेजाऱ्याची कुत्री.

फोन कुठे करायचा तर १९६२, टोल-फ्री, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनची सोय नसेल आणि कुत्रं प्रवास करू शकत असेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था. निघताना चार गोष्टी : काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, कुत्र्याचं वजन. ओकलेलं पन्नीत बांधून आणा, किळस करू नका.

प्रश्न : बाबांना शुगर आहे, त्यांच्या शुगर-फ्री गोळ्या कुत्र्यानं खाल्ल्या. विषारी आहे का? — हिंगणघाट

उत्तर : डबीवर घटक वाचा. आपल्याकडे चहात टाकायच्या बहुतेक गोळ्यांत सुक्रालोज, ॲस्पार्टेम किंवा स्टीव्हिया असतं, त्यानं फार तर पोट बिघडेल. झायलिटॉल लिहिलेलं असेल तर मात्र लगेच निघा, अर्ध्या-एक तासात कुत्र्याची साखर झपकन उतरते, लडखडतं, झटके येतात, नंतर लिव्हरही जाऊ शकतं. हे झायलिटॉल च्युइंगमात, माउथ फ्रेशनरमध्ये, काही टूथपेस्टमध्ये जास्त सापडतं. आणि बाबांच्या शुगरच्या गोळ्या, म्हणजे औषधाच्या, खाल्ल्या असतील तर तो वेगळाच मामला, झायलिटॉल नसलं तरी थांबू नका, स्ट्रिप घेऊन या.